फॉर्मवरचे तीन दिवस

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा 'मुलगी काय करते?' या प्रश्नावर आई 'लॅबमध्ये रक्त तपासते' एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं. रक्त, लघवी, थुंकी सगळं मी तपासतच होते. पण नाशिकच्या शरणपूर रोडवरची आमची लॅब जिल्ह्यात ओळखली जायची ती वीर्यतपासणीसाठी, आणि ते काम पहिल्यापासून माझ्याकडे होतं. लग्न झाल्यावर पंधरा दिवसांनी सासूबाईंना ते शेजारणीकडून कळलं. दोन दिवस त्या माझ्या हातचा चहा प्यायल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हळूच विचारलं, "आपल्या नात्यातलं कोणी येऊन गेलं का गं?" मी म्हटलं, "आलं असलं तरी सांगणार नाही." त्यानंतर आमचं चांगलं जमलं.

हे काम माझ्याकडे आलं कारण आमच्याकडच्या पुरुष टेक्निशियनला ते नको होतं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मायक्रोस्कोपखाली सगळं सारखंच असतं, आणि मोजायला चिकाटी लागते ती माझ्याकडे भरपूर होती. तपासणी तशी साधी आहे. आम्ही दिलेल्या रुंद तोंडाच्या बाटलीत सॅम्पल घ्यायचं, ते पातळ होईपर्यंत अर्धा तास थांबायचं, मग चौकटी आखलेल्या काचेवर थेंब ठेवून शुक्रजंतू मोजायचे. किती आहेत, त्यातले किती पळताहेत, किती जागेवर वळवळताहेत आणि किती मेलेले आहेत. सगळा प्रकार तासाभराचा. अवघड भाग त्याच्या आधीचा. सॅम्पलसाठी वेगळी खोली नव्हती, लॅब चालवणाऱ्या डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावरच्या घरातली बाथरूम होती. एक गृहस्थ दहा मिनिटांनी रिकामी बाटली घेऊन खाली आले आणि म्हणाले, "भिंतीवर दत्तगुरू आहेत, जमत नाही." मी वर जाऊन कॅलेंडर उलटं करून आले. तेव्हापासून तिथे खतांच्या कंपनीचं कॅलेंडर लागलं.

लोकांना वाटतं मूल होणं न होणं हा बाईच्या पोटाचा प्रश्न. आमच्याकडे येईपर्यंत बाईच्या सगळ्या तपासण्या, नवस, त्र्यंबकेश्वरचे विधी करून झालेले असायचे. मग कुणीतरी डॉक्टर धीर करून म्हणायचे, एकदा यांचंही बघून घेऊ. आणि 'यांचं' बघताना मला माणसाची सगळी दिनचर्या दिसायची. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे आज काचेवर जे दिसतं ते तुमच्या तीन महिन्यांपूर्वीच्या वागण्याचं असतं. तंबाखू, गुटखा, दारू, घट्ट कपडे, ताप, जागरणं, गादीवर बसून वाढवलेलं पोट, सगळं तिथे उतरतं.

सुरगाण्याचा एक जीपवाला होता. त्याला सांगितलं होतं की नाशकात नातेवाइकांकडे उतर, तिथे सॅम्पल घे आणि अंगाशी धरून पाऊण तासात आण. त्याने ते सुरगाण्यालाच घेतलं, थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात बाटली ठेवली आणि डोंगर उतरून आला. "ताई, गुजरातची मासळी अशीच येती, काय व्हत नाय तिला," तो मला समजावून सांगू लागला. मासळी मेलेलीच असते, हे त्याला पटवायला मला वेळ लागला. दुसऱ्या वेळचं सॅम्पल नीट आलं, पण हालचाल कमी होती. बारा-बारा तास तो तापलेल्या इंजिनाला मांडी लावून बसायचा, कारण उरलेली सीट गिऱ्हाइकांना. जीप सोड असं सांगणं शक्य नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी त्याला मांडी आणि इंजिन यांच्यामध्ये जाड गोणपाट ठेवायला, प्रत्येक फेरीनंतर उतरून चालायला आणि तंबाखूची पुडी बंद करायला सांगितलं. तीन महिन्यांनी आकडा सुधारला. पुडी मात्र अर्धीच सुटली होती, तो ओशाळून म्हणाला.

पुढे दोन हजार सालानंतर जिमची मुलं यायला लागली. दंड असे की शर्टाची बाही वर चढत नसे, आणि काचेवर एकही शुक्रजंतू नाही. 'ताकदीची' इंजेक्शनं घेतलेली. बाहेरून टोचलं की शरीर स्वतःचं काम बंद करतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसे. ती बंद करा म्हटलं की पहिला प्रश्न, "मॅडम, छाती उतरेल का?" उतरेल, असं मी बेधडक सांगायची. त्यातले बरेच जण वर्षभराने सुधारले, काही नाही सुधारले.

या कामात मी हुशार होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझा आकडा पुण्याला परत तपासला तरी फारसा हलत नसे. म्हणूनच जी चूक झाली ती मोजण्यातली नव्हती. ती विचारण्यातली होती.

तपासणीच्या फॉर्मवर एक रकाना असतो, किती दिवस संबंध नाही. तीन ते पाच दिवस पाळून यायचं, असा नियम. कमी दिवस झाले तर संख्या कमी दिसते, फार दिवस झाले तर जुना साठा मरून पडलेला दिसतो. हा प्रश्न तोंडाने विचारायचा असतो. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. रोज सकाळी आठ-दहा पुरुषांना हे विचारायचं, त्यांनी छताकडे बघत उत्तर द्यायचं, यापेक्षा मी एक सोपी युक्ती काढली होती. सकाळी आल्या आल्या दिवसभराच्या फॉर्मांवर त्या रकान्यात '३' लिहून ठेवायची. सगळ्यांना आधी सूचना दिलेलीच असे, आणि बहुतेक जण पाळतही असत.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल, सटाण्याकडचे एक पहिलवान आले. नावं बदलून सांगते. यांना पंडित म्हणू. वय तेहतीस, पांढराशुभ्र सदरा, दोन्ही कान मोडून गड्डा झालेले, दारातून आत आले तर उजेड कमी झाला. गावच्या तालमीत मुलांना कुस्ती शिकवायचे आणि जत्रांचे फड स्वतःही मारायचे. लग्नाला सात वर्षं झाली होती. मी मान खाली घालून नाव, वय लिहिलं. ते आपण होऊन म्हणाले, "ताई, पाळणुकीचं म्हनाल तर आपली लय कडक हाय."

"हो हो, बसा," मी म्हणाले आणि बाटली पुढे केली.

सॅम्पल पाहून मी चक्रावले. प्रमाण भरपूर, संख्या कोटीत, आणि जवळजवळ सगळे निपचित. रंग टाकून पाहिलं तर बहुतेक मेलेले. दुसरा थेंब घेतला, तसाच. मी रिपोर्ट लिहिला, आमच्या डॉक्टरांनी सही केली आणि खाली 'तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे' असा शिक्का मारला. तो शिक्का प्रत्येक रिपोर्टवर असायचा, त्यामुळे तो कुणी वाचत नसे. पंडितरावांनी लिफाफा त्यांच्याकडच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "कठीण आहे." पहिलवानांनी पुन्हा कुणालाच काही विचारलं नाही.

हे सगळं मला दोन वर्षांनी कळलं. गणपती नुकतेच बसले होते. दुपारी एक बाई एकटीच आली, हातात कपड्यांची पिशवी. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तो रिपोर्ट काढून तिने टेबलावर ठेवला.

"ताई, हाऊ रिपोर्ट तुमनाच शे ना?"

मी हो म्हटलं. ती पंडितरावांची बायको, निर्मला. मला अहिराणी येत नाही हे बघून ती सावकाश मराठीत बोलू लागली. रिपोर्ट आल्यानंतर वर्षभर नवरा तिच्याशी धड बोलला नव्हता. मग एक दिवस म्हणाला, माझ्यात दम नाही, तुझं वय आहे, तू दुसरं घर कर. आणि तिला माहेरी मालेगावकडे पोहोचवून आला. गावात कारण कुणाला सांगितलं नाही. गावाने आपल्या परीने कारण शोधलं, वांझ होती म्हणून सोडली. तिनेही तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर तालमीतल्या पोरांनी त्याला काय म्हटलं असतं. आता येत्या रविवारी दोन्हीकडची चार माणसं बसून फारकत लिहिणार होती.

"मला फक्त एकच इचारायचंय," ती म्हणाली. "बाटली बदलली तर नसंल? हजार बैठका मारणारा माणूस हाय. दारू नाय, बिडी नाय. त्याचं असं कसं व्हईल?"

मला राग आला. माझ्या हातून बाटली बदलणं शक्यच नव्हतं. मी नाव बाटलीवरही लिहायची आणि झाकणावरही. तिला ते सिद्ध करून दाखवायचं म्हणून मी जुनी फाइल काढली, फॉर्म शोधला आणि मोठ्या तोऱ्यात वाचायला लागले. "नाव बरोबर, गाव बरोबर, वय तेहतीस, संबंध नाही, तीन दिवस..."

"तीन दिवस?" निर्मला म्हणाली.

"हो."

"ताई, ते शिवरात्रीला तालमीत गेले व्हते. कुस्त्यांचा हंगाम सुरू झाला की ते तिथंच झोपत्यात. आखाजीला मला माहेरी सोडायला आले आन् तिथनंच परत तालमीत गेले. तीन दिवस कसले, अडीच महिने व्हत आलेले."

मी फॉर्मकडे बघत राहिले. माझंच अक्षर, सकाळी सकाळी काढलेला तो सुबक तीनचा आकडा.

"आणि एरवी?" मी विचारलं. आता विचारायला संकोच उरला नव्हता.

तिने बोटं मोजली. आषाढ-श्रावण पाळतात. नवरात्र पाळतात. दिवाळीनंतर मेहनत सुरू होते, तेव्हा त्यांचे वस्ताद क्वचितच घरी जाऊ देतात. मग शिवरात्र, मग जत्रा. राहिला आखाजीनंतरचा महिना, तर आखाजीला लेकी माहेरी येतात, ती महिनाभर तिथेच.

"सात वर्षांत हे कुणी विचारलं नाही?"

"पाळी कधी येती ते सगळ्यांनी इचारलं," ती शांतपणे म्हणाली. "नवरा कधी येतो ते कुणी नाय इचारलं."

इथे मला सुटायला वाट होती. रिपोर्ट जुना झाला, पुन्हा तपासून घ्या, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दोन मिनिटं मी तो विचार केला, हे कबूल करते. मग आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं, फॉर्मवर आधीच तीन लिहून ठेवण्याच्या युक्तीसकट. ते ओरडले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. म्हणाले, "लेटरहेडवर चिठ्ठी लिही. चूक तुझी आहे तर सही पण तुझीच पाहिजे. खाली मी करतो." मी लिहिलं, आपल्या तपासणीच्या वेळी एक प्रश्न विचारायचा राहिला, चूक माझी आहे, तरी पुन्हा यावे आणि तोवर कोणताही निर्णय घेऊ नये. असली चिठ्ठी कुणी कोर्टात नेली असती तर माझी नोकरी गेली असती. निर्मलाने ती वाचली, घडी घातली आणि सीबीएस स्टँडवरून सटाण्याची एसटी पकडली.

शनिवारी दोघं आली. पहिलवान वाळले होते. चिठ्ठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. मी उभी राहूनच बोलले.

"त्या दिवशी तुम्ही सांगत होतात की पाळणूक कडक आहे. मी ऐकून घेतलं नाही. ऐकलं असतं तर रिपोर्ट असा का आला ते तेव्हाच कळलं असतं. तुमची दोन वर्षं माझ्यामुळे गेली."

त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून उलगडली. मग म्हणाले, "म्हंजी माझ्यात खोट नाय?"

"ते आज सांगता येणार नाही."

मग डॉक्टरांनी त्यांना समजावलं. साठवून ठेवलं की ताकद वाढते असं वस्तादांनी शिकवलेलं त्यांच्या हाडीमांसी भिनलं होतं. डॉक्टर म्हणाले, कुस्तीतल्या ताकदीबद्दल मी वस्तादांशी वाद घालणार नाही, पण वीर्य शरीर रोज नवं तयार करतं आणि जुनं मरतं, साठवणीच्या धान्यासारखं ते वर्षभर टिकत नाही. शिवाय लंगोट दिवसभर आवळलेला. त्या जागेला गारवा लागतो, म्हणून तर निसर्गाने ती शरीराबाहेर ठेवली. व्यायाम सोडायचा नाही, तो चांगलाच, पण रोज शरीर पिळून काढायचं नाही, जोर-बैठका निम्म्या करायच्या. लंगोट आखाड्यापुरता, घरी सैल लुंगी. झोपायचं घरी. तीन महिने असं राहा, मग तीन दिवस पाळून या.

"तीन महिने," पहिलवान म्हणाले. "बैठक उद्या हाय."

म्हणजे निकाल हातात नसताना त्यांना ठरवायचं होतं. बायकोला घरी न्यायचं, गावाला तोंड द्यायचं, हंगामात तालमीत झोपायला नकार द्यायचा, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट परत तसाच आला तर? त्यांनी तेच विचारलं.

"तर तसाच आला," मी म्हणाले. "पण तो खरा असेल."

"आन् वस्तादांना काय सांगू?"

निर्मला इतका वेळ दाराशी उभी होती. "सांगा, बायको घरी आली," ती म्हणाली. "मी पिशवी भरूनच आलेली शे." पहिलवानांनी पिशवी तिच्या हातातून घेतली. इतका धिप्पाड माणूस, पण पायरी उतरताना त्यांचा तोल जरा गेला आणि तिने कोपर धरलं.

मार्गशीर्षात ते परत आले. मी समोर बसवून, डोळ्यात डोळे घालून विचारलं, "किती दिवस?" त्यांनी तीन बोटं दाखवली आणि लाजले. त्या दिवशी मी तीन वेळा मोजलं, कारण माझा माझ्यावरच विश्वास बसत नव्हता. निम्म्याहून जास्त सरळ पुढे पळत होते. लॅबच्या नियमात बसत नाही, पण मी पहिलवानांना आत बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. ते गुडघ्यावर बसले तेव्हा कुठे त्यांचा डोळा भिंगाच्या उंचीला आला.

"हे सगळे माझे?"

"तुमचेच."

बराच वेळ बघून ते म्हणाले, "त्यो एक जागच्या जागीच फिरतोय."

"तसे असायचेच," मी म्हटलं. "सगळेच कशाला पहिलवान असतील."

ते हसले नाहीत. मोडलेल्या कानांवरून त्यांनी हात फिरवला, आणि मी आधीच्या स्लाइड्स धुवायला पाठ वळवली कारण त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. त्या हंगामात त्यांनी वस्तादांना घरी झोपणार असं सांगितलं. वस्ताद चिडले, महिनाभर बोलले नाहीत. पहिलवानांनी दोन फड कमी मारले आणि एक हरलेही. ते मला पुढे निर्मलाकडून कळलं.

निर्मला आली ती श्रावणात. तिला चौथा महिना होता. सटाण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं, ते तिथेही झालं असतं, पण ती तीन तासांचा एसटीचा प्रवास करून माझ्याकडे आली होती. आमच्याकडे तेव्हा दोन मुली नव्या लागल्या होत्या. त्यातली एक पट्टा घेऊन पुढे झाली तर निर्मला म्हणाली, "तू नको बाई. या ताईच घेतील."

आंधळ्या शिरेतूनही रक्त काढणारी म्हणून मी त्या रस्त्यावर नावाजलेली होते. दंडाला पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली. ती ठसठशीत दिसत होती. सुई घातली आणि काही आलं नाही. ते मी पाहिलं, तिने पाहिलं, आणि त्या दोन मुलींनीही. मी सुई बाहेर काढली. तिच्या हाताकडे बघत मी सॉरी म्हटलं, आणि ते त्या सुईपुरतं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळलं. त्या दोन वर्षांबद्दल मी तिची अशी माफी तोवर मागितलीच नव्हती. चिठ्ठी नवऱ्याच्या नावाने होती, शनिवारी बोलले तेही त्याच्याशीच.

निर्मलाने कापसाचा बोळा दाबून धरला, पदर सावरला आणि दुसरा हात टेबलावर ठेवून बाही वर सरकवली.

"घ्या परत," ती म्हणाली. "तुमचं दुसऱ्या वेळेला बरोबर येतं."